मोटेवरचं दुसरं माणूस

लढाईच्या दिवसांत मी गाव सोडलं. घोडेगावच्या सडकेवर मोटारीची वाट बघताना बापाने भाकरीचं फडकं हातात दिलं आणि म्हणाला, "जा बाबा. घरात एक खाणारं कमी हुईल." रागाने नाही बोलला तो. घरात आंधळा आजा, आजारी आई, गुडघ्यांनी थकलेली आत्या, माझी तीन लहान भावंडं. राबणारे आम्ही दोघेच, बाप आणि मी. खडकीच्या कारखान्यात माणसं घेत होते. मी तिथं लागलो की सगळ्यांचं भागेल, असं मलाही वाटलं.

पण आमची शेती विहिरीच्या मोटेवर, आणि मोट काही एकट्याचं काम नव्हे. एकाने वर बैल हाकायचे, दुसऱ्याने खाली दारं धरायचं, म्हणजे वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. बाप वरून हाळी द्यायचा, "भरला का रं?" मी खालून म्हणायचो, "व्हय!" मी गेल्यावर खाली दारं कोण धरणार, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही बघा.

खडकीला भोंगा, पाळी, ओव्हरटाइम, रेशनची रांग. पहिल्या रजेला उन्हाळ्यात गावी आलो, तर सडकेवरूनच बापाची हाळी ऐकू आली. आणि खालून कुणीतरी "व्हय" म्हणालं. जीव भांड्यात पडला, म्हटलं मिळालं माणूस.

जवळ गेलो तर आजा. पाटात पाय सोडून बसलेला. पायाला पाणी लागलं की "व्हय" म्हणायचा. वळवणार कसा? बांध फुटून पाणी ओढ्याला चाललेलं, पुढचा कांदा करपलेला. बाप दोन मोटा ओढून खाली धावायचा, बांध बुजवून पुन्हा वर. मी विचारलं, मग हाळी कशाला देता? बाप हळू आवाजात म्हणाला, "त्याला वाटतंय, त्यो कामाला हाय. वाटू दे."

पुढल्या साली बैल घोडेगावच्या बाजारात गेले. बाप त्यानंतर फार टिकला नाही. तुमच्यातले जे गावात राहिले, त्यांना हे ठाऊकच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनाही आपापलं ठाऊक असेल.

आता पुण्यात मुलाच्या घरी असतो. नजर गेल्यात जमा. सून रोज मेथीची जुडी पुढ्यात ठेवते. मी निवडलेली भाजी ती आत नेऊन पुन्हा निवडते, मला आवाजावरून कळतं. फार गुणी पोर आहे. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच उरलंय.

ती स्वयंपाकघरातून विचारते, "झाली का हो बाबा?"

मी म्हणतो, "व्हय."