शिट्टीसकट गाणं

लेकीनं मोबाइलवर माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यापाशी माझं लाटणं आपोआप थांबलं. तिथं कुकरची शिट्टी हवी होती!

गॅदरिंगच्या नाचासाठी आम्हा मैत्रिणींना ते गाणं हवंच होतं आणि टीव्हीवर आठवड्यातून एकदाच लागायचं. समोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरादाराला दटावून भरून घेतलं. कुकर तेवढा दटावायचा राहिला आणि दुसऱ्या कडव्यात त्याची शिट्टीही भरली गेली.

"मग काय भात कच्चा ठेवू?" आई म्हणाली.

आम्ही शिट्टीवर गिरकी बसवली. सगळ्यांत जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

आताचं गाणं स्वच्छ आहे, पण त्यात आमच्या घरातलं कुणीच नाही.

"आई, पोळी करपतेय!"

पोळी उलटली, गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि दुसऱ्या कडव्यापाशी शिट्टी मीच मारली.