झुंबरतात्यांचं पुणं आणि आंब्याचा मोहोर

झुंबरतात्या पुण्याला मुलाकडे दोन महिने राहायला निघालेत, हे अंथुर्ण्यात ठाऊक नसलेला माणूस उरला नव्हता. तात्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती. सकाळी निघताना शेजारच्या जयवंताबाईनं त्यांच्या हातावर दही घातलं, त्यांची म्हैस आपल्या गोठ्यात नेऊन बांधली, आणि पारावरच्या मंडळींनी एसटीकडे बघून असा हात हलवला, जणू तात्या विलायतेलाच चाललेत.

बारामतीच्या स्टँडवर मुलाचा, रणजितचा, फोन आला. "तात्या, माझे सासू-सासरे अचानक आलेत. घरात जागा न्हाय. पुढं बघू."

"व्हय व्हय, बघू की!" तात्या इतक्या मोठ्यानं म्हणाले, की बाकड्यावर झोपलेला माणूस दचकून उठला.

दही खाऊन निघालेला माणूस दुपारीच परत? पारावर काय सांगायचं? तात्या परतीच्या एसटीतून गावाच्या अलीकडेच उतरले आणि कालव्याच्या कडेनं स्वतःच्याच रानात चोरासारखे शिरले. खोपीच्या दारात पिशवी टेकवून बसले. गावातल्या घराचं कुलूप काढायचं धाडस होईना. बायको गेल्यापासून ते घर तसंही बोलत नव्हतं.

करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी मान वर केली. एरवी म्हशीमागं पळणाऱ्याला वर बघायला सवड कुठली! खोपीवरचा आंबा, बायकोनंच लावलेला, शेंड्यापासून मोहोरला होता. माश्या घोंघावत होत्या. बांधावरच्या पळसालाही दोन-चार लाल चोची फुटलेल्या.

"अगं, बघितलंस का?" म्हणत तात्या वळले. मागं पिशवी होती.

तेवढ्यात दावं तोडून म्हैस हजर, आणि तिच्यामागं धापा टाकत जयवंता.

"आता गं बया! तात्या, पुणं एवढ्यात बघून झालं?"

तात्यांनी पिशवीकडे बघितलं, मग आंब्याकडे. "पोरगं म्हणालं, आता कशाला? मे म्हयन्यात आंबे घिऊनच या."

जयवंतानं मोहोर बघितला, मग तात्यांचा चेहरा. "मग बरोबरच हाय की त्याचं. मी सांगते पारावर. भाकरी धाडते, हितंच बसा."

ती गेली. म्हैस मात्र हलली नाही.

उन्हं कलली तसं वारं सुटलं. मोहोराचे चार कण पिशवीवर पडले. तात्यांनी ते झटकले नाहीत.

"जरा हळू, बाबा," ते वाऱ्याला म्हणाले, "मेपतूर तरी राहू दे."