काट्यावरचं वासरू

सौदीतल्या हफ्र अल बातिनजवळच्या आमच्या फार्मवर मांसासाठी पाळलेल्या गाई चरतात. त्यांचं दूध कुणी काढत नाही, फक्त मोजतात. वासराला काट्यावर चढवायचं, मग आईखाली सोडायचं, मग पुन्हा काट्यावर. वाढलेलं वजन म्हणजे दूध. हे काम रत्नागिरीकडचे एक चाचा करतात. आकड्याकडे ते बघतही नाहीत. वासराच्या पोटावरून हात फिरवून म्हणतात, "प्यालं. खलास."

परवा एक वासरू मेलं. दुसऱ्या सकाळी त्याची आई तट्ट फुगलेली कास घेऊन हंबरत होती. चाचांनी तिला नेहमीसारखी काट्यापाशी आणली आणि हवेतच हात फिरवला.

"प्यालं. खलास."

"चाचा, वासरू कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं गाईकडे बोट केलं. ती हंबरायची थांबली होती. कास सैल लोंबत होती आणि सड ओले होते.