तुमचा फोन अद्ययावत आहे

"आला का वो बाई?"

मोतीरामजी दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्यांचा आवाज आत येतो. टेम्पर्ड ग्लास लावून घ्यायला थांबलेल्या दोन मुली दचकल्या. मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसले.

"काहून नाही आला?"

"येईल काकाजी. या आठवड्यात येईल."

हे मी त्यांना आधीच्या आठवड्यातही म्हटलं होतं. त्याच्या आधीच्याही.

साकोलीत बसस्टँडच्या रस्त्यावर माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, तीन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात डिस्प्ले बदलले, मग स्वतःचं टाकलं. माझ्याकडे बहुतेक लोक अपडेट बंद करून घ्यायला येतात. डेटा खातो, फोन स्लो होतो, मागचंच बरं होतं, अशी त्यांची तक्रार असते. अपडेट यावा म्हणून दर आठवड्याला येणारे मोतीराम कापगते हे माझे पहिले गिऱ्हाईक.

त्यांचं कारण वेगळं होतं. मोतीरामजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत ड्रिलर होते. जमिनीखाली खडकाला भोकं पाडायचं काम. त्या मशीनच्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान गेले. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडून ते साकोलीला आले. यावर्षी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना कानाच्या नव्या मशीन दिल्या. समोरासमोर, शांत जागी, त्यांना आता बऱ्यापैकी ऐकू येतं. पण फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारते, आणि स्पीकरवर टाकला की शब्द एकमेकांत मिसळतात. डॉक्टर म्हणाले, तुमच्या फोनचं पुढलं व्हर्जन येणार आहे. ते आलं की फोनचा आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये जाईल.

व्हर्जन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती. फोनचा सगळा मूळ कारभार ज्यावर चालतो ती सिस्टिम. कंपनी ती इंटरनेटवरून पाठवते. आपण फक्त बटण दाबायचं.

"कोणाशी बोलायचं आहे काकाजी एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

"टेकचंदशी. माझा हेल्पर होता. ड्रिल मी धरो, रॉड तो लावे. बावीस वर्षं."

टेकचंद बालाघाटकडचे. आता मुलाकडे जबलपूरला राहतात. मोतीरामजी एकदा जाऊन आले, पण दुसऱ्यांदा गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"मग व्हिडिओ कॉल करा. हातवारे करून बोला. नाहीतर लिहून पाठवा."

"त्याले दिसत नाही न बाई. शुगरनं डोळे नेले. आता किडनीचंही झालं, आठवड्यातून दोनदा मशीनवर नेतात." मोतीरामजींनी फोन उलटा करून ठेवला. "तो पाहू शकत नाही, मी ऐकू शकत नाही. लय दिवस आहेत आमच्यापाशी, असं नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या फोनची मलाही ओढ लागली.

दर वेळी तेच व्हायचं. सेटिंग उघडायचं, सॉफ्टवेअर अपडेटवर जायचं, बटण दाबायचं. गोल फिरायचं, थांबायचं आणि मराठीत ओळ यायची: तुमचा फोन अद्ययावत आहे.

"अद्ययावत म्हणजे का वो?"

"म्हणजे सगळ्यात नवं जे आहे ते तुमच्याकडे आहे."

"मंग ते आहे कुठी?"

मी त्यांना समजावलं की कंपनी सगळ्यांना एकाच दिवशी अपडेट देत नाही. तलावाचं पाणी सोडल्यासारखं असतं. तुडुमाजवळच्या, म्हणजे पाणी सुटतं त्या तोंडाजवळच्या, धानाच्या बांध्या आधी भरतात, शेवटच्या बांधीला वेळ लागतो. कंपनी आधी थोड्या फोनना देते, काही बिघडत नाही ना ते पाहते, मग पुढच्यांना सोडते. याला रोलआउट म्हणतात. काकाजींना ते लगेच पटलं. त्यांची स्वतःची अडीच एकर शेवटाकडेच आहे.

तरी मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. फोनमध्ये जागा नव्हती. गुड मॉर्निंगची चित्रं काढून टाकली, निम्मा फोन रिकामा झाला. दुकानाच्या वायफायला लावला. बॅटरी पूर्ण चार्ज केली. सिम काढून घातलं. ओळ तीच.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, रोलआउट फेजमध्ये सुरू आहे."

"आमची फेज कोणती?"

"ते इथून दिसत नाही मॅडम. कृपया वाट बघा."

मग एका दुपारी बँकेतल्या एक मॅडम कव्हर घ्यायला आल्या. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि मी पाहतच राहिले. तेच मॉडेल. मी विचारलं, "मॅडम, यात नवं व्हर्जन आलं का?"

"कधीच आलं. दीड महिना झाला असेल."

"दोन मिनिटं फोन बघू का?"

त्या हसल्या, पण दिला. मोतीरामजींचा फोन त्या दिवशी वायफायवर लावायला माझ्याकडेच ठेवलेला होता. दोन्ही शेजारी ठेवले. एकाच गावात, एकाच टॉवरखाली, एकाच कंपनीच्या सिमवर. तलावाची गोष्ट इथे लागू होत नव्हती. एकाच बांधीतलं एक रोप भिजावं आणि दुसरं कोरडं राहावं, असं होत नाही.

दोन्हींच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडलं. तिथे बिल्ड नंबर नावाची एक लांबलचक ओळ असते. ती सहसा कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. त्या दिवशी अक्षर अक्षर लावून पाहिली. आकडे वेगळे असणारच होते, कारण एक जुनं व्हर्जन, एक नवं. पण मधली दोन अक्षरंही वेगळी होती. ती रिजन कोडची असतात. फोन कोणत्या देशासाठी बनवला ते कंपनी त्यात लिहिते. बँकेच्या मॅडमच्या फोनमध्ये भारताचा कोड होता. मोतीरामजींच्या फोनमध्ये दुसऱ्याच कुठल्या देशाचा.

फोन तर त्यांनी साकोलीतच घेतला होता. डब्यावर आणि मागच्या स्टिकरवर भारताचाच मॉडेल नंबर होता. म्हणजे बाहेरून फोन भारतातला, आतून परदेशातला. हे फक्त एकाच प्रकारे होतं. कोणीतरी आतला बोर्ड बदललेला असतो. बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर फोनचं सगळं डोकं बसवलेलं असतं.

आता मला चेव आला. कोणत्या कारागिरानं हे केलं ते बघायचं होतं. बॅक पॅनल गरम करून काढलं. स्क्रूंवरून नजर फिरवली आणि हात थांबला. कोपऱ्यातल्या एका स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता.

मी उघडलेल्या प्रत्येक फोनच्या एका स्क्रूला असा ठिपका लावते. पुढे दुसऱ्या कोणी फोन उघडला तर कळावं म्हणून.

मग सगळं आठवलं. आदल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत त्यांचा फोन बांधीतल्या चिखलात पडला होता. बोर्ड गेला होता. मी नागपूरच्या होलसेलवाल्याकडून दुसरा मागवून बसवला होता. फोन सुरू झाला, आवाज आला, कॅमेरा चालला. काकाजी खूश, मी खूश. कोड पाहायचं डोक्यातही आलं नाही.

होलसेलवाल्याला फोन केला.

"भैया, वो बोर्ड बाहर का था?"

"वो तो सब बाहर का ही आता है मॅडम. चलता है ना?"

"चलता है. अपडेट नहीं आता."

"अपडेट किसको होना?"

त्या दिवशी संध्याकाळी मी बॅक पॅनल पुन्हा चिकटवून फोन बाजूला ठेवला. काकाजींना सांगायची गरज नव्हती. कंपनी उशीर करते यावर त्यांचा विश्वास बसलेला होता आणि कंपनी काही बोलायला येणार नव्हती. पण त्यांना दर आठवड्याला 'येईल' म्हणणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी पंखा बंद केला, दार ओढून घेतलं, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल. आणि सगळं सांगितलं. बोर्ड, कोड, हिरवा ठिपका.

त्यांनी फोन उचलून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे माझा फोन साकोलीत बसून दुसऱ्या देशात वाट पाहून राहिला?"

"हाव काकाजी."

"तिथं कधी येईल?"

"माहीत नाही. येईल की नाही तेही माहीत नाही."

"बोर्डाचं जाऊ दे. चिखलात मीच पाडला. पण तू मले दर खेपेले म्हणे, या आठवड्यात येईल. ते तुले माहीत होतं का?"

"नाही."

"मंग काहून म्हणत होतीस?"

आम्ही दुकानदार तसं म्हणतोच. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून काहीतरी शब्द हातात द्यायचा. मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. "आता का करतेस सांग."

रस्ते दोन होते. एक, कॉम्प्युटरला जोडून त्या परदेशी बोर्डावर भारताची सिस्टिम जबरदस्तीनं चढवायची. याला फ्लॅशिंग म्हणतात. जमलं तर जमलं, नाहीतर फोन कायमचा मरतो. दुसरा, भारताच्याच कोडचा बोर्ड शोधायचा. मी दुसरा निवडला. एकदा अंदाजानं काम केलं होतं, तेवढं पुरे होतं.

लाखनी, लाखांदूर, तुमसर, भंडारा, ओळखीच्या सगळ्या दुकानांना विचारलं. कोणाकडे नव्हता. शेवटी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका दुकानदारानं सांगितलं, आहे एक. ट्रॅक्टरच्या चाकाखाली आलेल्या फोनचा. डिस्प्लेचा चुरा झाला होता, पण बोर्ड वाचला होता. मालकानं आपलं अकाउंट काढून, तसं लिहून देऊन तो त्यांच्याकडे सोडला होता.

"पण आधी बिल्ड नंबर वाचून दाखवा," मी म्हटलं.

"ते कायले?"

"वाचा तर."

त्यांनी दुसरा डिस्प्ले जोडून अक्षर अक्षर वाचलं. मधली दोन अक्षरं भारताची निघाली. सकाळच्या बसनं जाऊन मी स्वतः तो घेऊन आले.

बोर्ड बसवला तेव्हा काकाजी समोरच बसले होते. मी फोन सुरू केला, वायफायला लावला, बटण दाबलं. गोल फिरलं. या वेळी ओळ बदलली: नवीन अपडेट उपलब्ध आहे.

मी फोन त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"दाबू?"

"दाबा."

डाउनलोड व्हायला दोन तास गेले. तेवढ्या वेळात तीन चार्जर विकले गेले, एक स्पीकर साफ झाला. काकाजींनी चहासुद्धा स्टूलवरच घेतला. टक्के वाढले की ते मला मोठ्यानं सांगत. एकेचाळीस. बेचाळीस. फोन रिस्टार्ट झाला आणि पडदा काळाच राहिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असं होते. थांबा." पण मीही हातातलं काम सोडून त्या पडद्याकडेच पाहत होते.

पडदा उजळला. मी कानाच्या मशीन जोडल्या आणि नंबर लावून दिला.

यातली एक गोष्ट मी आधी लक्षातच घेतली नव्हती. आवाज थेट त्यांच्या कानात जाणार होता. मला काही ऐकू येणार नव्हतं. इतके दिवस ज्या कॉलसाठी धडपड केली, त्याची एकच बाजू माझ्या वाट्याला आली.

"हां, बेटा, पापा को दे," काकाजी म्हणाले. थोडं थांबले. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"टेकचंद? मैं मोतीराम." थांबले. "अरे मोतीराम! चिखला का!" पुन्हा थांबले. "अरे मैंच हूं ना भाई."

त्यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "टेकचंद म्हणते, तू मोतीराम नाही. म्हणते, मोतीराम एवढा हळू बोलत नाही."

खरंच होतं. ते हळू बोलत होते. मी त्यांना पहिल्यांदाच असं बोलताना ऐकत होते. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ आला तर माणसाला स्वतःचा चढवावा लागत नाही.

"पूछ, क्या पूछना है पूछ," ते फोनमध्ये म्हणाले. बराच वेळ ऐकत राहिले. मग हसायला लागले, डोळे पुसत. "हां बाबा, तेरे डब्बे का अचार मैंच खाता था. रोज. तेरे को मालूम था?"

त्यानंतर मी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. अर्धा तास बोलणं चाललं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी खुणेनं थांबायला सांगितलं.

आता माझ्या दुरुस्तीच्या जॉब कार्डवर एक नवी ओळ आहे. बोर्ड बदलायचा असेल तर आधी त्याचा रिजन कोड लिहिते आणि गिऱ्हाइकाला सांगते, की हा बाहेरचा आहे, यावर पुढे अपडेट येईलच असं नाही. बहुतेक जण म्हणतात, "चालते न ताई, लावून टाका." लावते, पण सांगून.

आणि कोणी विचारलं की अपडेट कधी येईल, तर मी म्हणते, माहीत नाही. गिऱ्हाइकांना हे उत्तर फारसं आवडत नाही. एक जण तर परवा शेजारच्या दुकानात गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, या आठवड्यात येईल.