तुपातलं इंजिन

त्रिकोणकाका नमस्कार करण्याआधी तुमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे. मंडळाच्या गणपतीला सगळे नटूनथटून आत जात असायचे आणि काका पार्किंगमध्येच कुणाच्या तरी गाडीचा ताप बघत उभे असायचे. “कूलंट चेक कर रे, तापलीय ही,” एवढं सांगून झालं की मग “कसा आहेस?” माणसाची चौकशी गाडीनंतर.

दोन हजार चारच्या सुमारास लग्न होऊन मी अमेरिकेत सनीव्हेलला आले. मेकॅनिकलची पदवी होती, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर अपार्टमेंटमध्ये बसून डोकं गंजायला लागलं होतं. काकांनी ते मंडळातच हेरलं. “पाना धरता येतो ना? मग ये घरी. पगार नाही, चहा मिळेल.”

काका चिप कंपनीतून निवृत्त झालेले. गॅरेजमध्ये एक जुनी जपानी गाडी होती आणि तिच्यासाठी ते भंगारातल्या दोन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत इंजिन तयार करत होते. तेही साधंसुधं नव्हे, रोटरी. त्यात पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचे लोखंडी त्रिकोण पोकळीत गरगरत असतात. काकांचं नाव त्यावरूनच पडलेलं. “पिस्टन म्हणजे माझी नोकरी,” ते म्हणायचे, “वर जा, खाली ये. हा बघ कसा, नुसता फिरतो.”

काकूंची अट होती, इंजिनासाठी घरच्या पैशाला हात लावायचा नाही. मग काका शेजाऱ्यांचे ब्रेक दुरुस्त करून बदल्यात जुने पार्ट घ्यायचे. काहीही लागलं की त्यांचं एकच पालुपद, “आधी घरात बघ.” आमचे वायसर आणि स्प्रिंगा काकूंच्या जुन्या इडलीपात्राच्या खळग्यांत राहायच्या, आणि मला तरी ती व्यवस्था कुठल्याही वर्कशॉपपेक्षा बरी वाटायची.

त्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. मुलीनं ठरवून टाकलं की दिवाळी झाली की घर विकायचं आणि दोघांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला तिच्याकडे यायचं. तिच्या घराला गॅरेज नव्हतं. मुलीशी काकांनी वाद घातला नाही. मला फक्त म्हणाले, “जायच्या आधी एकदा हे चालू झालेलं ऐकायचंय मला.”

त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी बसते, तिला सील म्हणतात. इंजिन जुळवताना ती जागची हलू नये म्हणून व्हॅसलीन लावतात. आमचं नेमकं संपलं. मी दुकानात निघाले, तर काकांनी अडवलं. “आधी घरात बघ,” म्हणाले आणि स्वयंपाकघरातून साजूक तुपाचा डबा घेऊन आले. सकाळच्या गारव्यात तूप घट्ट होतं, सगळी सीलं शहाण्या मुलांसारखी बसली. दुपारी गॅरेजच्या उघड्या दारातून ऊन आत आलं. तूप वितळलं, एक सील घसरलं आणि इंजिन हातानं फिरवून बघताना कट्‌कन मोडलं. दोन्ही इंजिनं मिळून त्याच्या जागी बसेल असं एकच धड सील उरलं होतं.

मला रडूच आलं. काकांनी मोडलेले तुकडे वेचून घेतले. मग म्हणाले, “तूप करेक्टच होतं. ऊन चुकलं.”

व्हॅसलीनचं नाव काढायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी तुपानं माखलेले त्रिकोण काकूंच्या फ्रीजमध्ये गेले.

“अहो, माझ्या फ्रीजमध्ये लोखंड?”

“वन नाइट गं, फक्त वन नाइट.”

काकूंनी कुरकुरत दह्याचं पातेलं वरच्या कप्प्यात हलवलं.

सकाळी काकांनी ते शेवटचं सील उचललं. टोकापर्यंत नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. “नाही जमत गं. तू लाव,” म्हणून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी ते बसवायला लागले. शेजारी बसून ते “प्रेस करू नकोस, नुसतं ठेव,” एवढंच सांगत राहिले.

दिवाळीच्या आत इंजिन गाडीत चढलं. काकांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, पांढऱ्या धुराचा लोट निघाला, इंजिन घुमायला लागलं आणि गॅरेजभर लोणी कढवल्याचा वास सुटला. काकू हात पुसत धावत आल्या. “गॅस चालू राहिला का माझा?”

काका तोवर उतरून समोर आले होते. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. बॉनेटच थरथरत होतं, त्यामुळे हातांची थरथर वेगळी दिसत नव्हती.

“आता न्या मला कुठेही,” काका म्हणाले.

गाडी शेजाऱ्यानं घेतली. काका एडिसनला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी काकूंना फोन केला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मी लोणी कढवायला ठेवलं ना, की हे कुठे असतील तिथून उठून यायचे. ओट्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे, तूप होईपर्यंत.”