देवाजीने लावलेले आरसे

सशस्त्र दलात माझी शेवटची पोस्टिंग मुलचेऱ्याजवळच्या एका कॅम्पवर होती. आठ मोटरसायकली आणि आठ जवान. रोज सकाळी साडेसहाला रस्त्याच्या गस्तीवर निघायचं, एकामागे एक, पन्नास मीटर अंतर ठेवून.

हवालदार देवाजी मेश्राम आमच्यात सीनियर. तो वडशाजवळच्या एका खेड्यातला. गाडी नेहमी सगळ्यांच्या मागे चालवायचा. मी राजुऱ्याचा. माझी गाडी त्याच्या पुढची, सातवी.

एका रविवारी त्याने मला जाकीट घालून, रायफल लावून गाडीवर बसवलं आणि स्वतः वीस पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"मी दिसून राह्यलो का?"

"नाई, देवाभाऊ. माझाच खांदा दिसते."

बुलेटप्रूफ जाकिटाने आमचे खांदे रुंद व्हायचे आणि आरशात तेच भरायचे. देवाजीने वेल्डिंगच्या दुकानातून आरशांच्या दांड्या चार बोटं लांब करून आणल्या. आठही गाड्यांचे आरसे बाहेरच्या बाजूला बसवले. ज्याची गाडी, त्याला बसवून, मागे उभं राहून, एकेक तपासला. दुपार गेली. आम्ही हसत होतो.

दोन आठवड्यांनी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आम्ही नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, ओलांडला. मी आरशात पाहिलं. मागे देवाजीचा हेडलाइट नव्हता. वायरलेसवर शेवटच्या गाडीला आम्ही टेल म्हणायचो.

"टेल, आवाज येतो का? ओव्हर."

उत्तर नाही.

"लीडर, सात बोलतोय. टेल दिसत नाही. मागे जातोय. ओव्हर."

"जा. बाकीचे थांबा, पोझिशन घ्या."

रानडुक्कर आडवं गेलं होतं. देवाजी रपट्यावरून खाली नाल्यात पडला होता, गाडी अंगावर, तोंड वीतभर पाण्यात. मी त्याचं डोकं उचललं. तो खोकला आणि श्वास घेऊ लागला. दोघांनी येऊन गाडी बाजूला केली. छातीला आतून मार होता. अँब्युलन्स मागवली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

"बाकीचे कुठी?"

"सगळे इथीच आहेत, भाऊ."

"कोणाले लागलं तं नाई?"

"नाई."

मग तो घरचं बोलू लागला. धान कापायला आलं असेल म्हणाला. माय एकटीच बांधावर जाते, ऐकत नाही म्हणाला. मधेच थांबायचा, मी हात दाबला की पुन्हा बोलायचा. नऊ वाजता तो गेला. अँब्युलन्स वीस मिनिटांनी पोहोचली.

त्याच्या घरी मी गेलो. त्याच्या आईने एकच विचारलं.

"तो एकटाच पडून होता का रे?"

"नाई माय. मी लगेच पोहोचलो. शेवटपर्यंत बोलत होता."

"काय बोलला?"

मी सांगितलं.

आता मी निवृत्त आहे. धान घरात आलं की दरवर्षी तिच्याकडे जातो. ती समोर बसते आणि म्हणते, "सांग." मी देवाजीचं बोलणं पहिल्यापासून सांगतो, एकही शब्द न गाळता. ती मधे बोलत नाही. बांधाचं आलं की मान हलवते.

संपलं की उठते आणि माझ्यासाठी ताट वाढते.