निधान, निधान
कपाट आवरताना तो पिवळा टॉवेल सापडला, कितीदा धुऊनही तपकिरी डाग न गेलेला, आणि इंदिरानगरच्या घरातली ती सकाळ आठवली. पुण्याहून येऊन मला सहा महिने झाले होते आणि माझं कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, याच्या पुढे गेलं नव्हतं. आमची कुत्री वॉशिंग मशीनशेजारी जुन्या चादरींवर व्यायला बसली होती. दोन पिल्लं नीट झाली, तिसरं मागच्या पायांनी आलं आणि अर्ध्यात अडकलं. कुत्रीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "टॉवेलनं धरून ठेवा, मी पोचतोच," आणि स्वतः ट्रॅफिकमध्ये अडकले. मी धरलं आणि घाबरून ओढायलाच लागले. भांड्यांना येणाऱ्या अक्का साबणाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी गावी, देवनहळ्ळीकडे, आयुष्यभर शेळ्यांची बाळंतपणं केली होती. "निधान, निधान!" त्या ओरडल्या. मला वाटलं, निदान विचारतायत. मी ओढता ओढताच सांगितलं, "पिल्लू उलटं आलंय, अक्का!" त्यांनी हात पुसून सरळ माझं मनगट धरलं. कळ आली की माझा हात अलगद खाली न्यायच्या, ओसरली की तिथंच थांबवायच्या. तिसऱ्या कळेला पिल्लू बाहेर आलं, निपचित. त्यांनी त्याच्या तोंडावरचा पडदा फाडला, टॉवेलनं खसाखसा चोळलं, तेव्हा कुठे ते बारीकसं किंचाळलं. कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, हे डॉक्टरांनी आल्यावर सांगितलं. परवा पुण्यात आईच्या फाइलमधून मान वर करून तिचे डॉक्टर म्हणाले, "निदान झालंय," मला अक्कांचं ‘निधान’ ऐकू आलं आणि पर्सचा पट्टा आवळून धरलेली माझी मूठ आपोआप सैल झाली.